रणधीरचा सर्व्हर

भूमच्या दूध संघात रणधीर मोटे अकरा वर्षं सर्व्हर सांभाळत होता. साठ गावांच्या केंद्रांवर दुधाची फॅट लागली की आकडा थेट या सर्व्हरवर येई, आणि इथून होकार गेला की तिकडं पावती निघे. एसीच्या त्या खोलीत रणधीरला विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. संघाचे अध्यक्ष आण्णासाहेबसुद्धा दारात थांबून विचारत, "येऊ का रे आत?" तेवढ्या प्रश्नावर रणधीरची छाती दोन बोटं फुगे.

गेल्या पंधरा दिवसांत मात्र सर्व्हर मधेच आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागला. रणधीरनं पॉवर सप्लाय बदलला, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, ब्लोअरनं धूळ उडवली. दोन दिवस बरे जात, की पुन्हा तेच. केंद्रांवरून फोनावर फोन, फाटकात टँकर ताटकळलेले. शेवटी आण्णासाहेबांनी त्याला न विचारताच धाराशिवच्या एका कंपनीला फोन लावला आणि बुधवारी सकाळच्या एसटीनं प्रीती बनसोडे आली. मूळची बेंबळीची, सव्वीस वर्षांची, पाठीला सॅक.

"रणधीर, ताईंच्या चहापाण्याचं बघ," आण्णासाहेब म्हणाले आणि तिच्याबरोबर सरळ आत शिरले. दारात थांबले नाहीत.

रणधीर चहा सांगायला न जाता त्यांच्या मागोमाग आत गेला.

प्रीतीनं स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. सर्व्हरच्या मागं वाकली, एका रिकाम्या सॉकेटवर बोट ठेवून म्हणाली, "दादा, इथं केबल कधी लावलीच न्हाय का?"

"काय गरज पडली न्हाय," रणधीर म्हणाला. खरं म्हणजे ते सॉकेट कशाचं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिनं त्याच सॉकेटला लॅपटॉप जोडला. सर्व्हरच्या पोटात एक लहानसा वेगळा भाग असतो. सर्व्हरला काय झालं, कधी झालं, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. त्या नोंदीला लॉग म्हणतात. पडद्यावर ओळीच ओळी उतरल्या. तिसऱ्या स्लॉटमधली रॅम चुका करत होती, महिनाभरापासून.

"म्हंजी रॅम गेली," रणधीर घाईनं म्हणाला.

"रॅम गेली असंल, न्हायतर स्लॉट खराब असंल. अंदाज कशाला बांधायचा?" तिनं सर्व्हर बंद केला, केबल काढल्या, तिसऱ्या आणि सहाव्या स्लॉटमधल्या रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल केली आणि तासभर चाचणी लावली. चुका आता सहाव्या स्लॉटवर दिसू लागल्या. दुखणं पट्टीबरोबर गेलं होतं. स्लॉट ठणठणीत होता.

एवढं सोपं! पंधरा दिवस आपण बॅटऱ्या उचलत बसलो आणि या पोरीनं एक पट्टी इकडची तिकडं केली. आण्णासाहेब तर कौतुकानं नुसते मान डोलावत होते. "डोकं लागतं बघ याला," असं म्हणाले, तेही रणधीरकडं बघून. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रीतीनं सर्व्हर बंद करून खराब पट्टी काढली, सॅकमधली चांगली बसवली, झाकण लावलं, केबल जोडल्या. बटण दाबणार तेवढ्यात साफसफाई करणाऱ्या हरणाबाई तिला जेवायला बोलवायला आल्या. "चल बाई, भाकरी गार व्हायली. वांगं केलंय." रणधीरनं त्यांच्या डब्यातल्या वांग्याकडं नुसतं बघितलं, तरी याच हरणाबाई म्हणत, तुमी घरून आणत जावा सायेब.

आण्णासाहेबही जेवायला घरी गेले आणि खोलीत रणधीर एकटा उरला. त्यानं ठरवून काही केलं नाही, असं तो नंतर स्वतःला पुष्कळदा सांगत राहिला. झाकण सरकवलं, दुसऱ्या स्लॉटची खिट्टी दाबली, पट्टी जराशी वर उचलली आणि झाकण पुन्हा लावलं. छाती कशी हलकी झाली होती.

जेवून आल्यावर प्रीतीनं बटण दाबलं. सर्व्हर सुरूच होईना. नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

"आता गं?" आण्णासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "सकाळी चालू तरी व्हता."

प्रीतीचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा रणधीरनं डोळे भरून पाहून घेतला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला घास गोड लागल्यासारखं झालं.

तिनं पुन्हा लॉग उघडला. वाचता वाचता थांबली, एकदा रणधीरकडं पाहिलं आणि झाकण काढून दुसऱ्या स्लॉटमधली पट्टी अंगठ्यानं दाबली. टक् आवाज झाला. बटण दाबताच सर्व्हर धडधडत सुरू झाला.

"काय झालं व्हतं?"

"एक पट्टी नीट बसली नव्हती. माझ्याकडून राहिलं असंल."

ती गेल्यावर रणधीरनं तिनं लिहून दिलेला लॉगचा पासवर्ड टाकला. लॉगमध्ये शेवटून चौथी ओळ होती: एक वाजून बावन्न मिनिटं, झाकण उघडलं. सर्व्हर बंद असतानाही पोटातल्या त्या लहानशा भागानं नोंद ठेवली होती. आणि एक बावन्नला ती हरणाबाईंसमोर जेवत बसली होती.

त्यानं गाडीला किक मारली. बसस्थानकावर प्रीती धाराशिवच्या गाडीची वाट बघत उभी होती.

"ताई, तुमाला समजलं व्हतं."

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाय?"

"साठ गावांचं दूध खोळंबलं होतं, दादा. तुमच्याशी भांडत बसले असते तर गाडीपण चुकली असती." ती हसली नाही. "पण लई वाईट वाटलं मला. सगळ्यांसमोर माझं नाक कापायला निघाला होता तुमी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं रणधीरला वाटलं. चूक तिनं अंगावर घेतली होती. मोठेपणसुद्धा तिनंच नेलं होतं.

तो परत आला आणि आण्णासाहेबांना सगळं सांगून मोकळा झाला. आण्णासाहेबांनी टेबलावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "खोलीची चावी ठेव इथं. दोन महिने कुणालातरी संगं घेऊन आत जायचं."

त्यानं चावी टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रीतीला फोन करून आण्णासाहेबांना खरं सांगितल्याचं कळवलं. ती फक्त "बरं केलं" म्हणाली. पुढं हळूहळू तो लॉग वाचायला शिकला; अडलं की तिलाच विचारी, आणि विचारण्याआधी दर वेळी फोन दोनदा खिशात परत ठेवी.

दिवाळीनंतर एक हार्डडिस्क कुरकुरायला लागली. रणधीरनं ती लॉगमध्ये आधीच हेरली, बंद पडायच्या आत बदलली. एकही केंद्र थांबलं नाही. आनंदानं तो आण्णासाहेबांकडं सांगायला गेला.

आण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शाबास," म्हणाले. आणि लगेच, "प्रीतीताईंना विचारलं व्हतंस न्हवं?"

"न्हाय," रणधीर म्हणाला. "माझं मीच केलं." आवाज जरा जास्तच चढला होता, हे त्याचं त्यालाही कळलं.