पहिल्या नोटेची लाल खूण

मित्रांनो, जरा मान वर करा. लुसेना शहराच्या बाजाराशेजारी जे किराणा दुकान आहे, त्याच्या छताला लटकलेला धुळकट कॅमेरा म्हणजे मी. कारखान्यात मला डोळ्यासोबत एक बारीकसा कानही बसवला, म्हणून पाहिलेले आणि ऐकलेले दोन्ही सांगू शकतो.

मी आलो तेव्हा दुकान पर्फेक्ताबाईंचे होते आणि गल्ल्यावर रेमी ताई बसे. तांदळाच्या पोत्यांपासून सुक्या मासळीपर्यंत सारे दुकान मला दिसे. माझ्याखाली बिलाचे यंत्र होते. काय विकले ते त्याला कळे, कोणी विकले ते मला दिसे; पण आमची बोलचाल नव्हती. वर्षानुवर्षे शेजारी राहून ओळख नाही, असे तुमच्याही इमारतीत असेल.

पर्फेक्ताबाई गेल्या आणि त्यांचा मुलगा नेस्तोर मालक झाला. उशिरा उठणारा, पण हौशी. त्याने एका वायरीने आम्हा दोघांना जोडले. आता बिल झाले की त्याची अक्षरे माझ्या चित्रावर उमटत. काय ऐट होती माझी! गल्ला उघडूनही नोट आत पडली नाही, तर चित्रावर लाल खूण करून तेवढाच तुकडा नेस्तोरच्या फोनवर पाठवायचा, असे ठरले. त्यासाठी माझी मान खाली वाकवली. मग मला गल्ल्यापलीकडचे काही दिसेना.

झाले, रोज सकाळी लाल खूण. चित्रात रेमी ताई पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घेते, गल्ला उघडते आणि नोट मुठीत धरून निघून जाते. संध्याकाळचा हिशेब चोख जुळत होता, पण लाल खूण पाहिली की हिशेब कोण बघतो? ती नोट घेऊन कुठे जाते ते मला ठाऊक होते. पण मला तोंड दिलेले नाही. फार तळमळलो.

शेवटी नेस्तोरने फोन तिच्यापुढे धरला. "ताई, ही नोट कुठे जाते?"

तिचा चेहरा उतरला. "चित्र पुढे सरकव की."

"पुढे नाहीच. एवढंच येतं."

"मग उद्या दुकान उघडताना ये. एक दिवस झोपमोड झाली तर मरणार नाहीस."

"आणि नोट गल्ल्यात आली नाही तर?"

"तर हा एप्रन काढून देते. तुझ्या आईनं दिलाय, नीट घडी घालून ठेव."

दुसऱ्या दिवशी नेस्तोर जांभया देत आला आणि पोत्यांमागे दडल्याची खसफस मला ऐकू आली. शेजारच्या अंबो काकांनी सुकी मासळी आणि कॉफी घेतली. त्यांची नोट घेऊन ताई माझ्या चित्राबाहेर गेली. मग कानावर आले, टप, टप, टप. दिवसाची भवानी म्हणून ती नोट पोत्यांना, मासळीला, साबणाला लावत होती.

"सगळं खपू दे," ती पुटपुटत होती. मग एक टप वेगळाच वाजला.

"ताई, हे माझं डोकं आहे," नेस्तोरचा आवाज आला.

"तूही दुकानातच पडून आहेस ना. बघू, खपतोस का."

"फुकट दिला तरी कोण नेणार?" अंबो काका म्हणाले.

नेस्तोर हसला नाही. "मी शाळेला निघालो की आई अशीच नोट लावायची माझ्या डोक्याला," तो म्हणाला. "चुकलो, ताई."

ताईने नोट गल्ल्यात टाकली, तीही माझ्या डोळ्यांदेखत. नेस्तोरने स्टुलावर चढून माझी मान वर केली आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. सारे दुकान पुन्हा दिसू लागले तेव्हा मला खरेच भरून आले.

मित्रांनो, आमची काच पुसत जा. आणि आम्ही दाखवलेल्या इवल्याशा तुकड्यावरून कोणाला चोर ठरवू नका.

लाल खूण मात्र नेस्तोरने बंद केली नाही. आजही ताई सकाळी नोट मुठीत घेऊन निघाली की ती उमटते, आणि लगेच दुकानातला फोन वाजतो.

"भवानी झाली ना, ताई?"

"झाली. आता उठा, मालक."