एकोणीस दोषांची गाडी

प्रतापने गराजच्या फरशीवर पुठ्ठा अंथरला, डोक्याला बॅटरी बांधली आणि पाठीवर पडून तो गाडीखाली सरकला. बाहेर फक्त त्याचे बूट राहिले.

“झालं,” मीनल म्हणाली. “आता आमचे साहेब जेवणापर्यंत तिथेच.”

अवनी हसली. ही जुनी गाडी विकत घ्यायच्या विचाराने हे दोघं ब्योब्लिंगेनहून सकाळच्या ट्रेनने नेकारसुल्मला आले होते, आणि आल्यापासून मीनल नवऱ्याला आठवण करून देत होती की हे पैसे किचनचे आहेत. त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये जर्मन रिवाजाप्रमाणे सिंकसुद्धा नव्हतं. भांडी ती बाथरूममध्ये घासत होती.

गाडी १९७१ ची अमेरिकन डॉज डार्ट, गडद हिरवी, रुंद नाकाची. अवनीच्या बाबांनी ती अकरा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडमधून आणली होती. बाबांची सगळी नोकरी कार कारखान्याच्या ब्रेक विभागात गेलेली. जुने ड्रम काढून त्यांनी पुढे डिस्क ब्रेक बसवले, स्टिअरिंग बदललं, वायरिंग तर पहिल्या तारेपासून नव्याने केलं, आणि प्रत्येक बदल ट्यूफ या वाहनतपासणी संस्थेच्या तपासनिसाकडून कागदावर चढवून घेतला. आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की शेजारची मुलं धावत यायची. बाबा त्यांना आधी ब्रेक दाखवायचे. “पळणं अमेरिकन आहे,” ते म्हणायचे, “थांबणं माझं.”

ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात अवनीला त्यांच्या अक्षरातली यादी सापडली, तारीख मार्चची: गाडीतले दोष, एक ते एकोणीस. गुणांची यादी नव्हती. कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना आधी तिचे दोष सांगायचे, ही त्यांची कामातली सवय. अवनीने ती यादी जशीच्या तशी जाहिरातीत उतरवली आणि किंमतही त्या मानाने कमी ठेवली. तीन महिन्यांत प्रतापशिवाय एकाच व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं, बाकीची गाडी तो भंगारात देणार होता. गुरुवारी नदीकाठचं हे भाड्याचं गराज रिकामं करून द्यायचं होतं. प्रताप नाही म्हणाला, तर बुधवारी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता.

“एक नंबरला काय लिहिलंय?” गाडीखालून आवाज आला.

“मागच्या ब्रेकची नळी गंजलेली.”

“नवी आहे. दोन?”

“गिअरबॉक्समधून तेल गळतं.”

“बोट फिरवून बघितलं. कोरडा आहे. पुढे?”

अवनी वाचत राहिली. बाराव्या दोषापर्यंत तिचा आवाज उतरला होता. मीनलनेही फोन खिशात ठेवला होता.

एकोणीस संपले तसा प्रताप बाहेर आला. कपाळावर काळं लागलेलं.

“अवनीताई, यादी जुनी आहे. यातलं जवळजवळ सगळं दुरुस्त झालंय.”

“शक्य नाही,” ती म्हणाली. “मार्चनंतर बाबांना...”

एप्रिलमध्ये कॅन्सरच्या औषधांनी बाबांच्या बोटांतली जाणीव गेली होती. ती शनिवारी वोल्फ्सबुर्गहून यायची तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. आई फोनवर सांगायची, सकाळी नदीकाठी फिरायला जातात, फार दमून येतात.

“किंमत बदला,” प्रताप म्हणाला. “नीट जाहिरात दिलीत तर दुपटीला जाईल. मला नाही परवडणार, पण तो वेगळा विषय.”

“अरे, हे गाडी घेतल्यावर सांगायचं असतं,” मीनल म्हणाली. पण बोलताना ती त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होती, आणि झटकून झाल्यावरही तिचा हात तिथेच होता.

“ताई, तुम्ही स्वतःच बघा.”

अवनीने कोट काढून मीनलकडे दिला आणि ती पुठ्ठ्यावर आडवी झाली. शेजारी प्रताप सरकला. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक नटवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ दिसत होती, नटवरून निघून शेजारच्या लोखंडावर उतरलेली. या रेघा तिला माहीत होत्या. नट ठरल्या मापाने आवळला की अशी खूण करायची. पुढे तो सैल झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं.

पुढच्या ब्रेकवरच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या होत्या. मागे जाता जाता त्या थरथरू लागल्या. एका नटवर रंग तीनदा लागला होता. दोनदा नेम चुकलेला, तिसऱ्यांदा जमलेला.

“मी एकूणएक तपासले,” प्रताप हळू म्हणाला. “रेघ असलेला एकही सैल नाही. आमच्या कारखान्यात धडधाकट माणसं इतकं नेमकं काम करत नाहीत.”

अवनीने एका वाकड्या रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“आणि हा.” त्याने उजेड डावीकडच्या स्प्रिंगवर नेला. चार नट. तीन नटांवर रेघ. चौथा कोरा. “हा नुसता हाताने फिरवून ठेवलाय. एवढा एकच राहिला.”

तो बाहेर जाऊन फळीवरचा, ठरल्या जोराला टक् वाजणारा मापाचा पाना घेऊन आला. पाना बाबांनी साठाच्या मापावर लावून ठेवलेला होता. तो त्याने तसाच ठेवला आणि नट सावकाश आवळत नेला. टक् आवाज झाला. मग त्याने खिशातून पिवळ्या रंगाचं पेन काढलं. तेही फळीवरचंच.

“खूण तुम्ही करा, ताई. तुमचा मान आहे.”

तिने पेन घेतलं. टोपण काढल्यावर रंगाचा उग्र वास आला. टोक नटपर्यंत नेलं. मग टोपण न लावताच तिने पेन त्याच्यापुढे धरलं.

“आवळला तुम्ही,” ती म्हणाली. “ज्याने आवळला, रेघ त्याची.”

प्रतापने तिच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे.

“काय चाललंय खाली?” मीनलने विचारलं. तिला फक्त चार पाय दिसत होते. “ठरलं का काही?”

“किंमत जाहिरातीतलीच,” अवनी म्हणाली.

प्रतापने हात शर्टाला पुसला. श्वास रोखला. आणि रेघ मारली.