नुसतं बसून बघायला

शोरूमच्या पायपुसण्यावर म्हाताऱ्याने आधी उजवा बूट पुसला, मग डावा, आणि मग मागे वळून बायकोच्या चपलांकडे बघितलं. तिनेही निमूटपणे पाय पुसले. काचेचं दार आपोआप बाजूला सरकलं तशी ती दचकली आणि स्वतःशीच हसली.

"गेला रे तुझा नंबर," शेजारच्या टेबलावरून लंबू पुटपुटला.

सेल्समन एक्स-रेचं लक्ष दाराकडेच होतं. शोरूममधले सगळे त्याला एक्स-रेच म्हणत, कारण गिऱ्हाईक दारात असतानाच याला त्याचा खिसा आरपार दिसतो अशी त्याची ख्याती होती. बूट, हातातली किल्ली, मनगटावरचं घड्याळ, अशी त्याची नजर फिरायची. त्याच्याही आधी तो रस्त्यावर बघायचा, माणूस कशातून उतरतोय ते. हे दोघं बसमधून उतरले होते. बुटांना पॉलिश होतं, पण टाचा झिजलेल्या. घड्याळ कुठल्याशा जुन्या, आता बंद पडलेल्या कंपनीचं. बाईंच्या हातात कापडी पिशवी. एक्स-रेने मनातल्या मनात शिक्का मारून टाकला: फिरस्ते, म्हणजे नुसते बघून जाणारे.

आता फिरस्ते यायला कुणाची ना नव्हती. पण शोरूमचा एक नियम होता. ज्याच्या नंबरावर गिऱ्हाईक येईल ते त्याचं, आणि ते बाहेर पडेपर्यंत त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचंसुद्धा नाही. नेमके आज एक कारखानदार यायचे होते. येणार म्हणजे घेणारच, फक्त रंग ठरवायचा राहिला होता. एक्स-रेच्या हातून या महिन्यात एकही गाडी गेली नव्हती. सकाळीच साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता, आणि साहेबांनी स्वतःहून चहा पाजला की पुढे काय होतं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. या दोघांना पाच-दहा मिनिटांत गोडीगुलाबीने वाटेला लावणं भागच होतं.

"या काका. काय दाखवू?"

म्हातारा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो मधोमध उभ्या असलेल्या गडद निळ्या गाडीसमोर जाऊन थांबला.

"हीच बघ," तो बायकोला म्हणाला. "अगदी हीच. रंगसुद्धा हाच!" मग तो एक्स-रेकडे वळला. "आमच्या मुलाकडे आहे ही गाडी. परदेशात असतो तो. आम्हाला घ्यायची-बियायची नाही हो, खोटं कशाला सांगू. नुसतं बसून बघायचंय."

"काका, ही डिस्प्लेची गाडी आहे. त्याचं असं असतं..."

"अहो, कशाला त्यांना त्रास," बाई म्हणाल्या. "बाहेरूनच बघू की."

"बाहेरून काय बघायचं? बाहेरून फोटोत बघितलीच आहे." म्हाताऱ्याने खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो शोधून फोन एक्स-रेच्या हातात दिला. "हे बघा. पटलं ना आता? मोठ्या कंपनीत आहे. जास्त काही सांगायलाच नको, गाडीवरूनच कळतं माणसाचं."

हे वाक्य एक्स-रे स्वतः दिवसातून अनेकदा टाकत असे. त्याने हसून फोटोकडे बघितलं, आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं.

गाडी हीच होती, यात शंका नव्हती. पण काचेच्या खालच्या कोपऱ्यात विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांना असतो तसला गोल स्टिकर होता. मागचं दार उघडं होतं, आत पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या. स्वतःच्या गाडीत कोण अशा बाटल्या मांडतं? आणि तो मुलगा. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, चेहऱ्यावर बापाचंच नाक. नवीन गाडी घेतलेला माणूस गाडीला रेलून फोटो काढतो, बॉनेटवर हात टाकतो. असे शेकडो फोटो एक्स-रेने स्वतः काढून दिले होते. हा मुलगा गाडीपासून वीतभर अंतर राखून ताठ उभा होता.

एक्स-रेने फोटो पुन्हा एकदा निरखला. त्याने फोन परत केला.

"हीच आहे काका," तो म्हणाला. "टॉप मॉडेल आहे."

"ऐकलंस?" म्हाताऱ्याने बायकोला कोपराने ढोसलं.

एक्स-रेने मागचं दार उघडून धरलं. दोघं आत बसले, म्हणजे म्हातारा ऐसपैस बसला आणि बाई सीटच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन, लग्नघरात परक्यासारखं बसतात तशा. म्हाताऱ्याने हाताखालची गादी दाबून बघितली, पाय लांब केले.

"आपण तिकडे गेलो ना, की असं बसवेल तो आपल्याला," तो म्हणाला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने मान बाहेर काढली. "बरं, ते फोटोत पुढच्या काचेवर गोल काय चिकटवलंय हो?"

एक्स-रेने उघड्या दाराच्या कडेवरून उगाच हात फिरवला. बाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या.

"पार्किंगचा पास असतो तो," तो म्हणाला. "मोठ्या ऑफिसांत देतात. सगळ्यांना नाही मिळत."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

बाईंनी मान हलवली. तेवढ्यात बाहेर एक लांबलचक काळी गाडी येऊन थांबली आणि लंबू टेबलामागून अर्धवट उठला. कारखानदार आले होते. केबिनच्या काचेतून साहेबही बघत होते. एक्स-रेने दोघांना "बराय काका" एवढं म्हटलं असतं तरी ते बिचारे लगेच उठले असते, कारखानदार त्यालाच मिळाले असते. तो लंबूकडे बघून म्हणाला, "तू घे."

"वेड लागलंय का तुला?"

"घे म्हटलं ना!"

त्याला स्वतःचा राग आला होता, नोकरीची भीतीही वाटत होती. तरी त्याचा पाय तिथून निघेना.

"घसा कोरडा पडला बुवा," म्हातारा गाडीतून उतरत म्हणाला. "पाणी मिळेल का कुठे?"

"मी आणतो ना काका."

"अहो, मला पाय आहेत की. तुम्ही हिला दाखवा सगळं." आणि तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राकडे चालू लागला.

तो लांब जाईपर्यंत बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"बाळा, एक विचारू? पुढे बसून पाठ दुखते का रे?"

"पुढे म्हणजे?"

"चालवणाऱ्याची. सकाळी बसला की रात्रीपर्यंत उठायचं नाही म्हणजे... लहानपणापासून पाठ नाजूक आहे त्याची."

एक्स-रेने पाण्याच्या यंत्राकडे नजर टाकली.

"यांना बोलू नकोस हं काही," त्या घाईघाईने म्हणाल्या. "यांना वाटतं गाडी त्याची आहे. सगळ्यांना फोटो दाखवत फिरतात. वाटू दे."

"पण तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"टेकला नाहीये रे तो. आमच्याकडे भिंत म्हणू नकोस, कपाट म्हणू नकोस, उभा राहिला की टेकायचा. किती ओरडायचे मी, रंग खराब होतो म्हणून." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मेलं काम कसलंही असू दे. पाठ तेवढी सांभाळावी."

एक्स-रेने पुढचं दार उघडलं. "या काकू. इथे बसा."

"चालेल?"

"चालेल काय, बसाच."

त्यांनी पिशवी मागे ठेवली आणि पहिल्यांदाच नीट, पूर्ण सीटवर बसल्या. एक्स-रेने वाकून सीट पुढे घेतली, पाठ सरळ केली आणि त्यांचं बोट एका बटणावर नेऊन ठेवलं.

"हे दाबा. कंबरेला आधार मिळतो. पाहिजे तेवढा घ्यायचा."

बाईंनी बटण दाबलं. थांबून पुन्हा दाबलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्या डोळे मिटून बसल्या. पलीकडे लंबू कारखानदारांना रंगांचं कार्ड दाखवत होता, हसण्याचे आवाज येत होते.

म्हातारा पाण्याचे दोन पेले घेऊन आला, सीटवर सांडू नये म्हणून ते अंगापासून लांब धरून.

"पुढे कशाला बसलीस गं?"

"असंच."

त्याने स्टिअरिंगवरचे तिचे हात बघितले. मग तो गाडीला वळसा घालून, एक्स-रेने उघडून दिलेल्या दारातून, तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता. थांबलेली बस, चढणारी माणसं. बराच वेळ तो तिकडेच बघत होता. मघाचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"पाठीला बरं वाटतंय का?" त्याने विचारलं. "दिवसभर बसवेल त्याला?"

तिने डोळे उघडले आणि मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो अजून रस्त्याकडेच बघत होता, दोन्ही पेले हातात धरून. एक्स-रेने म्हाताऱ्याच्या बाजूचं दार हलकेच लोटलं, पण शब्द त्याला ऐकू आलेच.

"बसवेल," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला एक पेला तिने आपल्याकडे घेतला.