मधली काचपट्टी

थोरलीचं घर विकायला निघालं तेव्हा धाकटीनं स्वतःला बजावलं होतं, बहीण बहिणीच्या जागी आणि धंदा धंद्याच्या जागी.

समुद्राच्या बंधाऱ्यालगतच्या त्या जुन्या वस्तीत ती बावीस वर्षं घरांची दलाली करत होती. तिथली घरं उंच, अरुंद आणि एकमेकांना चिकटलेली. दोन घरांत मिळून एकच भिंत. एकाला ठसका लागला तर दुसऱ्यानं पाणी प्यावं, अशी गत. म्हणून वस्तीचा एक रिवाज होता. सामाईक भिंतीत भेग दिसली की तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवायची, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि वर्षभर तिला हात लावायचा नाही. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. वर्षानंतर काच शाबूत असली, तर भेग जुनी आणि भिंत स्थिर. घर विकायला मोकळं.

थोरलीच्या जिन्यातल्या भेगेवर धाकटीनं स्वतः तीन पट्ट्या लावल्या होत्या. गुरुवारी वर्ष पुरं होऊन तपासनीस येणार होता. त्याआधी, आज सोमवारी अकरा वाजता, गिऱ्हाईक शेवटचं बघून जाणार होतं. गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य. त्याला तळमजल्यावर दवाखाना थाटायचा होता, वर संसार.

आणि थोरलीला सुटायचं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. स्वयंपाकघर तळाला, निजायची खोली तिसऱ्या मजल्यावर, मध्ये एकेचाळीस पायऱ्या. त्या ती लहान मुलासारखी बसून चढे, बसून उतरे. नव्या वस्तीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या धाकटीनं तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवल्या होत्या.

दहा वाजता धाकटी आली, तेव्हा थोरली सहाव्या पायरीवर बसून कठडा पुसत होती.

"आलात दलालीणबाई? बहीण म्हणून आलात की कामाला?"

"कामाला. बहिणीला तू चहा तरी विचारला असतास."

"चहा स्वयंपाकघरात आहे आणि मी इथं आहे. मध्ये पाच पायऱ्या आहेत. तूच कर आणि मलाही दे."

धाकटी हसली आणि तिला ओलांडून वर गेली. पहिल्या वळणावर भेग होती. वरची पट्टी खाऱ्या हवेनं पांढुरकी झालेली, कडेचा गोंद पिवळा पडलेला. खालचीही तशीच. मधली मात्र नुकत्याच पुसलेल्या चष्म्यासारखी लख्ख होती. शेजारची तारीख तिच्याच अक्षरातली, गेल्या वर्षीची. तिनं गोंदाला नख लावलं. नख रुतलं.

तिनं हाक मारली, "भाऊजी, जरा येता?"

थोरलीचे यजमान दुसऱ्या मजल्यावरून उतरले. चाळीस वर्षं त्यांनी तसबिरींना चौकटी केल्या होत्या. दुकान बंद झालं तरी खिशातला काच कापायचा हिरा गेला नव्हता.

"ही काच बदललीत?"

"हां, ती. आठवडा झाला असेल. तडकली होती ना."

"म्हणून बदललीत?"

"मग? गिऱ्हाईक येणार, त्याला तडकलेली काच दाखवायची? माझ्या घरात फुटकी काच कधी राहिली नाही. तुझी काच पातळ होती गं, दोन मिलिमीटरची. मागल्या वेळी मी तेवढीच बसवली, ती चूक. या खेपेला चारची टाकली. आता हत्ती जिना चढला तरी काही होणार नाही."

"मागल्या वेळी," धाकटी म्हणाली. "म्हणजे ही तिसरी?"

"तिसरी."

भाऊजी काहीच टाकून देत नसत. मागितल्यावर त्यांनी खणातून दोन पुड्या काढल्या. फुटक्या काचा त्यांनी त्या त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. धाकटीनं वर्तमानपत्रांवरच्या तारखा वाचल्या. पहिली काच सात महिने टिकली होती, दुसरी पावणेपाच. भिंत मध्यावर फुगत होती; नुसती सरकत नव्हती, तिनं वेग घेतला होता.

"वर काय खलबतं चाललीत?" थोरलीनं खालून विचारलं.

धाकटीनं खाली येऊन सगळं सांगितलं. थोरलीनं हातातलं फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं.

"तपासनिसाला कळेल?"

"नाही. तो काच अखंड आहे का ते बघतो आणि तारीख बघतो."

"दाताच्या डॉक्टरला?"

"त्याला तर मुळीच नाही."

"मग कळलंय कोणाला?"

"मला."

"आणि तू कुणाची आहेस?"

भाऊजी पुड्या हातात घेऊन वळणावर उभे होते; आपण काय झाकलं ते आत्ता त्यांच्या लक्षात येत होतं. एवढ्यात दार वाजलं.

दंतवैद्य गोल, हसरा माणूस होता. भेगेजवळ येऊन तो म्हणाला, "हा दात माझ्याकडे उशिरा आला म्हणायचा." मग त्यानं भिंतीकडे न बघता धाकटीकडे बघितलं. "माझी खुर्चीच दोनशे किलोची आहे. पण तुम्ही म्हणालात की झालं. माझ्या सासऱ्यांना घर तुम्हीच दिलंत, वीस वर्षांत काही झालं नाही म्हणतात."

थोरली पायरीवरून धाकटीकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसतं वाट बघणं होतं.

"मधली काच वर्षात दोनदा तडकली," धाकटी म्हणाली. "ही नवी आहे. भिंत चालतेय, डॉक्टर."

दंतवैद्याचं हसू ओसरलं. त्यानं पहिल्यांदाच भिंतीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "घरी बोलतो आणि कळवतो." कळवतो म्हणून जाणारे कळवत नाहीत, हे धाकटीला बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

दार लागलं. शेजारच्या घरालाही सांगावं लागणार होतं. भिंत त्यांचीही होती. नव्या वस्तीतल्या खोल्या सोडाव्या लागणार होत्या.

"भाऊजी, दोन मिलिमीटरची आहे?"

भाऊजींनी मान डोलावली. जाड काच त्यांनी पात्यानं उचकटून काढली, पातळ कापली. हिऱ्याचा चरचर आवाज झाला, मग एक टक. धाकटीनं पट्टी चिकटवली, जुनी तारीख खोडली आणि आजची लिहिली.

"माझ्याकडे चल राहायला," ती म्हणाली.

"तू चौथ्या मजल्यावर राहतेस," थोरली म्हणाली. "पायऱ्या मोजता येतात मला."

ती पाठमोरी बसून वर सरकू लागली. धाकटीनं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही. एक पायरी, मग दम, मग दुसरी. वळणावर पोचल्यावर ती थांबली. खांद्यावरची शाल भिंतीच्या बाजूला सुटली होती. ती तिनं ओढून अंगाशी घट्ट धरली, काचेला लागू नये म्हणून, आणि पुढच्या पायरीवर सरकली.