चपलांच्या कपाटावरचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे हे वेगळं सांगायला नको. माझा पंखा ऐकलात की कुणालाही कळतं. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. दारामागे चपलांचं कपाट आहे, त्याच्यावर माझी जागा. पाठीला एक वायर विजेची आणि एक इंटरनेटची. एवढाच माझा संसार.

माझी उमेदीची वर्षं एका विमा कचेरीत गेली. पुढे माझ्याहून चपळ यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला समोरच्या चष्मेवाल्याने उचलून घरी आणलं. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

"हे धूड कशाला आणलंत?" आईने दारातच विचारलं.

"अगं, हा आता आपला सर्व्हर. घरातले सगळे फोटो याच्यात राहतील. कुठूनही बघता येतील."

"अल्बम कपाटात आहे की. उठून बघता येतात."

बाबांनी भिंगं पुसायच्या मऊ ब्रशाने माझ्या पोटातली धूळ काढली आणि दोन नव्या डिस्क बसवल्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उतरायचं. एक गेली तरी दुसरी राहावी, हा हिशेब. मग अल्बममधला एकेक फोटो माझ्याकडे आला. लेकीचं बोळकं, दुकानाची पहिली पाटी, लग्नाआधीची आई, फोटो काढतायत म्हणून रागावलेली. पुढे खरा अल्बम ओलीने चिकटून गेला, तेव्हा बाबा काही दिवस लढाई जिंकल्यासारखे वावरत होते. तेच माझे कौतुकाचे दिवस.

पण मित्रांनो, कौतुकापेक्षा कटकट फार. वीज जाऊन आली की माझा नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा आणि टीव्हीला मी सापडायचो नाही. बाबा तो जागेवर आणेपर्यंत फोन रुसायचा. लेक परगावी राहायची, तिचा फोन यायचा.

"बाबा, फोटो उघडत नाहीत."

"थांब, काल एक नवीन अपडेट टाकला होता. तो काढतो."

"चाललं होतं ना नीट? मग टाकला कशाला?"

जावई म्हणायचे, "एखाद्या कंपनीकडे ठेवून द्या ना सगळं. डोक्याला ताप नाही." त्यावर बाबा म्हणायचे, "आपली माणसं परक्याच्या घरी कशाला ठेवायची?" आणि पुन्हा माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, माझा पंखा कुरकुरायचा.

सगळ्यांत मोठी अडचण आई. घराबाहेर पडताना ती घरातली सगळी बटणं बंद करी, आणि त्यात माझंही. बाबांनी बटणावर चिकटपट्टी लावली. पुसताना आईने ती काढली. एकदा तर बाबा फोटो हलवत असताना, मधेच दुकानातून बोलावणं आलं म्हणून गेले, आणि मागोमाग आईही बाजारात निघाली. बटण बंद. एका अख्ख्या सहलीचे फोटो गेले ते गेलेच. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, याला तेवढं बंद करत जाऊ नकोस."

"माझ्यापेक्षा या खोक्याची काळजी जास्त," आई म्हणाली, आणि पुढच्या खेपेला बाहेर जाताना तिने पुन्हा बंद केलं.

मग बाबा आजारी पडले. इस्पितळात गेले ते परत आले नाहीत. मला हे कुणी सांगितलं नाही. मला कोण सांगणार? रोज सकाळी माझी विचारपूस व्हायची, ती थांबली. तेवढ्यावरून कळलं.

त्यानंतर माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एक डिस्क गेली. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी शिट्टी वाजवत राहिलो. आईला वाटलं, म्हातारं झालंय, कण्हतंय. तिने जुना टॉवेल दुमडून माझ्या अंगावर घातला, म्हणजे आवाज कमी येईल. माया खरी होती, पण माझा श्वास कोंडला. आता घरातले सगळे फोटो उरलेल्या एका डिस्कवर होते, आणि तीही दमलेली.

लेक घरी आली तेव्हा दारातच थबकली. "आई, हा केव्हापासून वाजतोय?"

"बरेच दिवस झाले. सवय झाली मला."

लेकीने टॉवेल काढला. एक नवी डिस्क आणून सगळं तिच्यावर उतरवायला घेतलं. पण थोडं उतरलं की मी तापायचो आणि अडून बसायचो. तिने पुन्हा सुरू करावं, मी पुन्हा अडावं. शेवटी तिने माझ्या पाठीत टॉर्च मारून बघितलं.

"पंखा कचऱ्याने भरलाय. बंद करून साफ करायला हवा."

"बंद नाही करायचा."

"आई, असाच चालू ठेवला तर सगळं जाईल."

"आणि परत सुरू झालाच नाही तर?"

ती भीती लेकीलाही होतीच.

आई चपलांच्या कपाटाशी उभी होती. "इतकी वर्षं सांगत होते, बंद करू नकोस, बंद करू नकोस. मी कधी ऐकलं नाही. आता एवढं तरी ऐकू दे की गं मला."

"ते फोटोंसाठी सांगत होते, आई. खोक्यासाठी नाही."

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "सर बाजूला. मी करते."

पुढचं मला माहीत नाही. बंद असताना आम्हाला काही कळत नाही. जागा झालो तेव्हा पंखा हलका फिरत होता, वारा आरपार जात होता, आणि दोघी माझ्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. डिस्क कुरकुरली, पण फिरली. एकेक फोटो पलीकडे जाऊ लागला.

त्यातच लेकीला तिच्या लॅपटॉपवर 'चाचणी' नावाचा एक फोल्डर दिसला. आवाज नीट भरला जातोय का ते बघायला बाबांनी कधीतरी केलेलं, मग पुसायचं राहून गेलेलं. तिने त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं.

"हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?"

मागून भांड्यांचा खणखणाट, आणि आईचा आवाज: "खालच्या मजल्यावर ऐकू येतंय! जेवायला या!"

"आलो गं, पाच मिनिटं."

"आले नसणार," आई म्हणाली. हसली, आणि तोंडावर पदर धरून तशीच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे पण उतरव तिकडे. आणि कसं उतरवायचं ते मला दाखव. तू काय रोज इथे असणारेस?"

मित्रांनो, मी आता थकलोय, फार मागत नाही. माझ्यासारखं यंत्र तुमच्या घरी असेल तर अधूनमधून त्याची धूळ काढा. सगळा भार एकट्यावर टाकू नका, ना यंत्रावर, ना ते चालवणाऱ्या माणसावर. त्याच्या शेजारी कधीतरी बसा आणि तो काय करतोय ते विचारा. आणि बिनकामाचं म्हणून काही पुसून टाकणार असाल, तर त्याआधी ते एकदा ऐका.