उजाएच्या वाटेवरचं डुक्कर

होडीत डुक्कर नको, असं लाबुंग म्हातारा दहादा म्हणाला. पण नातीच्या पहिल्या वाढदिवसाला डुक्कर न नेता उजाए बेटावर पाय ठेवायचा म्हणजे आपल्या हातानं नाक कापून घेणं, असं त्याच्या भाचीचं, लितोकवाचं म्हणणं. तिची लेक तिकडे दिलेली आणि सासरच्यांची जीभ हातभर लांब! तेव्हा डुक्कर आलंच. चारही पाय बांधलेलं, माणसाएवढ्या वजनाचं आणि घटकाभर गप्प न बसणारं.

उजाडताच त्यांनी लाए बेट सोडलं. तिघंच होते. सुकाणूला लितोकवाचा नवरा अनितोक, पाणी उपसायला ती आणि होडीच्या तळाशी उताणा पडलेला लाबुंगमामा. मामाला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण त्याच्या कामाला डोळे लागतच नव्हते. पाठीखालच्या फळीला लाट कशी लागते त्यावरून तो वाट सांगायचा. उजाए पश्चिमेला. तिथं जायचं तर मुद्दाम जरा दक्षिणेकडून जायचं. उजवीकडून येणारी उत्तरेची लाट मंदावली की बेट तिला आडवं आलं असं समजायचं आणि उजवीकडे वळायचं. आधी वळलं किंवा वळायचं राहून गेलं, तर पुढे कित्येक दिवसांचं नुसतं पाणी.

डुक्कर मामाच्या उशाशी होतं. त्याचा वास असा की अनितोकनं नाकाला फडकं बांधलं. लितोकवाला म्हाताऱ्याची दया आली. वाऱ्याच्या झोतानं होडी उसळली, त्या गडबडीत तिनं ते धूड ओढत ओढत उजव्या अंगाला नेलं आणि होडीचा तोल सांभाळायला बाजूला जोडलेल्या उलांडीच्या आडव्या दांड्यांवर बांधलं.

"माझ्या आईलासुद्धा तू इतकं हवेशीर बसवलं नव्हतंस," अनितोक म्हणाला.

"तुझी आई इतकी गप्पही बसत नव्हती."

मामाचं सगळं लक्ष पाठीखालच्या लाटेत होतं. दुपारच्या सुमारास त्यानं हात वर केला. "लाट मंदावली. घे उजवीकडे." अनितोकनं होडी वळवली आणि दोघं झाडांचे शेंडे शोधू लागले.

शेंडे दिसेनात. आभाळ भरून आलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. तासभर गेला, मग आणखी एक. लितोकवा पाणी उपसत होती. सहज तिची नजर उलांडीच्या ओंडक्याकडे गेली. एरवी तो लाटेसरशी टणकन वर यायचा. आता पाण्यात बुडून जड अंगानं उठत होता, नवव्या महिन्यातल्या बाईसारखा. लाट मंदावलीच नव्हती. डुकराच्या वजनानं उजवं अंग दबलं होतं, म्हणून ती मामाच्या पाठीला लागत नव्हती.

तिनं दात आवळून डुक्कर परत होडीत ओढलं. पण वाया गेलेले दोन तास कसे ओढून आणणार? सांगायलाच हवं होतं. आणि त्या बेटांवरचा नियम असा की वाट दाखवणाऱ्याला जो चूक म्हणेल, त्यानं त्याच्या जागी निजायचं. उठलेला माणूस पुन्हा कधी त्या जागी निजत नाही. मामाजवळ दुसरं होतं तरी काय? ना बायको, ना पोर, ना डोळे.

"बोलतेस की संध्याकाळ होऊ देतेस?" अनितोक हळूच म्हणाला. तो पहिल्यांदाच थट्टा करत नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "आपण चुकलो. आधीच वळलो, बेट मागे डावीकडे राहिलं. डुक्कर मी हलवलं होतं रे! तुझी चूक नाही."

म्हातारा कोपरावर उठला.

"डुक्कर हललं ते मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी कळलं असतं." आणि चाचपडत बाजूला सरला. "नीज."

लितोकवा निजली. लहानपणी मामा तिला खाडीत पाण्यावर उताणी धरायचा आणि विचारायचा, आता कोण ढकलतंय? तिला ते पोरखेळ वाटायचे. आता पाठीला पूर्वेची लाट लागली, उजव्या खांद्याला उत्तरेची. तिनं अनितोकला डावीकडे घ्यायला सांगितलं, आणखी डावीकडे. शेवटी खालून एक आखूड, उलटी लाट आली, कशावर तरी आपटून परतलेली. "हिच्या तोंडावर घे," ती ओरडली. सूर्य बुडायच्या जरा आधी अनितोकनं बोंब ठोकली. नारळाचे शेंडे!

किनाऱ्यावर अख्खं गाव पाण्यात उतरलं होतं. लेक पोरीला कडेवर घेऊन उभी होती. सगळे होडी धरून थांबले, कारण वाट दाखवणारा आधी उतरतो, मग बाकीचे.

"मामा, उतर ना," लितोकवा म्हणाली. कुणाला काही कळलं नसतं. अनितोक तर मान फिरवून डुकराच्या गाठी सोडत बसला होता.

"उतर गं," मामा म्हणाला. "लोक ताटकळलेत."

ती रडत रडत पाण्यात उतरली. बायकांना वाटलं, नातीला बघून रडतेय. त्यांनी तिच्या गळ्यात फुलांचा हार घातला. मागून डुक्कर उतरलं. सगळ्यांच्या शेवटी, अनितोकच्या खांद्यावर हात ठेवून, लाबुंगमामा.