काचेच्या खोलीतून

विजयमालेने पदराच्या टोकाने काच पुसली. कुंदाच्या इवल्या ओल्या तळव्यांचे ठसे गेले आणि पलीकडच्या अंधारात होडी पुन्हा दिसू लागली. होडीत पांढऱ्या साडीतली बाई, भोवती धुकं, आणि काळं घोंगडं पांघरून वल्हं मारणारा नावाडी. मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या त्या नावाड्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट वळ स्वच्छ दिसत होता. मांडीवरच्या वहीत तिने न बघताच लिहिलं, 'नावाडी. घड्याळाचा वळ.'

टॉकीजच्या मालकाने कुठेतरी पाहून बाल्कनीच्या मागे ही खोली बांधून घेतली होती, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी. पुढे जाड काच, छताजवळ एक कर्णा, दोन लांब बाकं. मूल कितीही किंचाळलं तरी बाहेर ऐकू जायचं नाही. कर्ण्यातून येणारे संवाद मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटत. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची आणि त्यांचं बोलणं कुठून तरी लांबून, दुसऱ्याच कोणासाठी असल्यासारखं यायचं.

एका दैनिकात दर बुधवारी तिचं परीक्षण येई. आतापर्यंत सहा आली होती. तिच्याआधी लिहिणारे गृहस्थ झाडून सगळ्या चित्रपटांना 'सहकुटुंब पाहावा असा' म्हणायचे. संपादकांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "बाई, दिसेल ते लिहा. वाचकाला फसवू नका." बी.ए. झाल्यावर, लग्न झाल्यावर, कुंदा झाल्यावर, हे आपलं स्वतःचं, असं तिला म्हणता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. ती कोणाला फसवत नसे.

या चित्रपटाला यायला तिला आठवडाभर उशीर झाला, कारण कुंदाला ताप होता. उतरून चार दिवस झाले तरी विजयमाला घटकाघटकाने तिच्या मानेला हात लावून बघायची. आणि चित्रपटही नेमका तापाने गेलेल्या बाळाचाच निघाला. डोंगरावरचा बंगला, दहा महिन्यांचं मूल जातं, आई अन्नपाणी सोडते, एक म्हातारी तिला तळ्यापलीकडची वाट सांगते. इथवर बरं होतं. पुढे नुसतं धुकं. धुक्यात गाणं. मुलाचा बाप काही कारण नसताना पियानो वाजवत बसतो.

होडी तीराला लागली. ओसाड देवळाच्या मंडपात ते मूल बसलेलं होतं. आईला बघून त्याने खांब धरला, ते डुगडुगत उठलं आणि चार पावलं चाललं.

'मेलेलं मूल चालायला कसं शिकेल?' तिने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. हेच परीक्षणाचं पहिलं वाक्य.

"उटलं बगा," मागून कोणीतरी हलकेच म्हणालं.

विजयमाला दचकली. मागच्या बाकावर कोणी आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, तिशीच्या आतबाहेरची बाई. मांडी मोकळी.

"तुमचं बाळ कुठाय?"

"न्हाय." बाई सहज बोलली. "दारावरचा ईरप्पा आमच्या गावचा, अक्कलकोटाकडचा. सोडतोय मला. कमलम्मा म्हणत्यात मला."

"पुन्हा बघताय का हा?"

"आज धरून नऊ येळा. एवढी चार पावलं बगितली की उटून जातेय. फुडं काय बगायचं? फुडं ती बाई नुसती वरडतीया."

विजयमालेला हसू आलं. तिच्या वहीतही तेच होतं, फक्त शुद्ध भाषेत.

"मला नाही पटलं ते चालणं," ती म्हणाली. "दहा महिन्यांचं गेलेलं मूल. तिकडे जाऊन वाढतं कसं?"

कमलम्मा काचेकडेच बघत होती. "तुमच्यात जाळत्यात न्हवं?"

"हो. लहान असलं तर पुरतात."

"आमा लिंगायतांत मातीत बसवत्यात. मांडी घालून. माज्या लेकराला जंगमानं पाचव्या दिशीच लिंग बांधलं हुतं, म्हणून बारकं असून बी बसवलंच. धड बसाया येत न्हवतं ओ त्याला. घरात मागं उशी लावाय लागायची. तितं मातीचाच टेकू दिला." धुक्याचा उजेड तिच्या तोंडावरून सरकत गेला. "सा वर्सं झाली. डोळं मिटलं की बसलेलंच दिसतंय. पडत न्हाय, उटत न्हाय. बसून बसून कटाळलं नसंल का ते? हितं तेवढं उटतंय."

विजयमालेचं पेन वहीवर नुसतंच टेकलेलं राहिलं. कुंदा चुळबुळ करायला लागली तशी कमलम्माने दोन्ही हात पुढे केले.

"द्या की हिकडं. तुमी लिवा निवांत."

मूल गेलेल्या बाईच्या हातात लेकरू देऊ नये, असं माढ्याहून सासूबाई पुनःपुन्हा बजावायच्या, आणि विजयमाला पुनःपुन्हा ते हसण्यावारी न्यायची. पण आता तिच्या हाताने तिला विचारलंच नाही. त्याने कुंदाच्या तोंडावरून पदर ओढला आणि तिला छातीशी घट्ट धरलं.

"ताप होता तिला," ती म्हणाली.

कमलम्माने हात मागे घेतले, आपल्याच पदराखाली ठेवले. "व्हय. ताप लई वंगाळ." मग म्हणाली, "पेपरात लिवता म्हणं तुमी. ईरप्पा सांगत हुता. गर्दी न्हाय म्हणून शुक्रवारी काढायलेत ह्यो पिच्चर. तुमी चार शब्द चांगलं लिवलात तर ठिवतील की."

"चांगला नाही हो तो."

"मी कुटं चांगला म्हणते?"

आणि ती उठून गेली. पडद्यावरची बाई ओरडायला लागली होती.

सोमवारी दुपारी कुंदा झोपल्यावर विजयमाला कागद घेऊन बसली. नावाड्याचं मनगट लिहिलं, पियानो लिहिला, गॅसबत्तीसारखं फसफसणारं धुकं लिहिलं. कशालाही 'चांगलं' म्हणणं तिच्याने होईना. मग दोन रेघांचं वाक्य आलं. ते तिने कागदावर उतरवलं, उठून पाळण्यापाशी गेली, कुंदाचं पोट खालीवर होताना पाहत उभी राहिली. गिरणीचा भोंगा झाला. पाळण्यातली मूठ जराशी उघडली आणि मिटली. परत येऊन तिने ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहावं हे तिला बराच वेळ सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा ते परीक्षणासारखं वाटेना:

'पैलतीरावरचं एक दृश्य मिनिटभराचं आहे. गेलेलं मूल बसल्या जागेवरून उठतं आणि चार पावलं चालतं. हे कसं घडतं ते दिग्दर्शकाने सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. बाकीचा चित्रपट पाहू नये. ज्यांना तेवढंच पाहायचं असेल त्यांनी दुपारच्या खेळाला जावं आणि वर काचेच्या खोलीत बसावं. तिथलं रडणं बाहेर ऐकू जात नाही.'

संपादकांनी ते दोनदा वाचलं.

"बाई, हे परीक्षण आहे की पत्ता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि एकही शब्द न बदलता कागद छपाईकडे दिला.

बुधवारी ते आलं. गुरुवारी शेवटचा दिवस. टॉकीजच्या भिंतीवर पुढच्या चित्रपटाचा कागद चिकटलासुद्धा होता, खळ अजून ओली होती. कुंदाला कडेवर घेऊन विजयमाला जिना चढली तर ईरप्पा वरच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा.

"आक्का, काय लिवलं ओ तुमी?"

"का? काय झालं?"

"बाळाबिगर कुणाला सोडायचं न्हाय, आसं मालकांनी सांगितलंय मला. आन् ह्या बाया येऊ लागल्यात मघापासनं. मूल कुटाय इचारलं तर नुसत्या माज्या तोंडाकडं बगत्यात." त्याने टोपी उगाच झटकली. "काय बोलू मी? सोडल्या."

आत दोन्ही बाकं भरली होती. काहीजणी खाली बसल्या होत्या. दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतली एक परिचारिका. हळू आवाजात तेलुगूत बोलणाऱ्या दोघी. बुरख्याचा पडदा वर टाकलेली एक. भिंतीला टेकून एक सत्तरीची नऊवारीतली म्हातारी. एकीच्याही मांडीवर मूल नव्हतं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

"सरका की जरा," कमलम्मा म्हणाली, आणि विजयमालेला जागा झाली.

पडद्यावर पियानो सुरू झाला.

"ह्याच्यात हाय का?" म्हातारीने विचारलं.

"अजून न्हाय, आजी. ह्यो वाजवून वाजवून दमू दे आदी."

कोणीतरी फुसकन हसलं. मग होडी आली, धुकं आलं, आणि खोली अशी गप्प झाली की काचेपलीकडचं तळं आत शिरल्यासारखं वाटलं. त्या निळसर उजेडात सगळ्यांचे चेहरे पाण्याखालचे होते. कुंदा कुरकुरली. कमलम्मा समोर बघत होती. तिचे हात पदराखाली होते, आज ते पुढे आले नाहीत. विजयमालेने कुंदाला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. कमलम्माने खाली पाहिलं नाही. नुसती मांडी थोडी रुंद केली.

मूल खांबाला धरून उठलं. एक, दोन, तीन, चार.

रडण्याचा आवाज आला नाही. फक्त बांगड्या वाजल्या, इथे, तिथे, आणि थांबल्या.

आज कमलम्मा उठून गेली नाही. कोणीच गेलं नाही. पडद्यावरची बाई ओरडू लागली तेव्हा विजयमालेने शेजारी पाहिलं. कमलम्माची मांडी मोकळी होती.

ती अर्धवट उठली. मग तिला दिसलं. कुंदा परिचारिकेकडे होती. परिचारिकेने तिला बुरख्यातल्या बाईकडे दिलं. त्या बाईने तिला क्षणभर गालाशी धरलं आणि पुढे केलं. आता ती भिंतीशी, म्हातारीच्या मांडीत उभी होती.

"किती म्हयन्याची?" म्हातारीने विचारलं.

"अकरा."

म्हातारीने मान हलवली. जणू हिशेब बरोबर लागला होता. मग खाली बसलेल्या एकीला म्हणाली, "घे गं. तुजं ऱ्हायलंय."

विजयमालेने हात पुढे केला होता. तो तिने परत आपल्या मांडीवर आणला, आणि काचेकडे तोंड करून बसली. कर्ण्यात लांबून कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. पाठीमागून कुंदाचं हसू येत होतं, एकदा या बाजूने, एकदा त्या.

तिने वळून पाहिलं नाही.